‘पारंपरिक’ हे विशेषण आणि धारावी बेटावरील नवे घर

१

‘घर पाहावे बांधून’ या म्हणीत घर बांधताना होणारी यातायात सांगितली आहे. घर कोणत्या शैलीचे असावे, याविषयी ती काही सांगत नाही. म्हण रूढ झाली त्या काळी हा प्रश्न उद्भवतच नव्हता. गावातील सुतार, गवंडी आणि घरधनी या तिघांनाही घर बांधण्याची एकच रीत ठाऊक असे, आणि जी रीत एकच आहे तिला वेगळे नाव देण्याचे प्रयोजन नसते. ‘पारंपरिक शैलीचे घर’ हा शब्दप्रयोग भाषेत आला तो दुसऱ्या रीती उपलब्ध झाल्यावर, आणि पहिली रीत आपोआप चालू राहील हा भरवसा सुटल्यावर. म्हणजे ज्या वस्तूचे अस्तित्व हा शब्दप्रयोग सांगू पाहतो, तिच्या अभावाचीच तो प्रथम साक्ष देतो.

तरीही हा शब्दप्रयोग टाकाऊ ठरत नाही. आज कोकणच्या किनाऱ्यावर, विशेषतः संरक्षित म्हणून घोषित झालेल्या भूमीवर, नवे घर बांधावयाचे झाल्यास ‘पारंपरिक’ या शब्दाभोवतीच सर्व वाद चालतो. शासनाची अधिसूचना हा शब्द वापरते, वास्तुकार तो वापरतात, जमीन विकणाऱ्यांच्या जाहिरातींतही तो असतो, आणि गावकरी तर आपल्या मागणीच्या आरंभीच तो उच्चारतात. शब्द एकच असला तरी प्रत्येकाच्या वाक्यात त्याचे विशेष्य निराळे आहे. जाहिरातीत तो रूपाचे विशेषण असतो. वास्तुकाराच्या लेखी तो साहित्याचे व कारागिरीचे विशेषण होतो. गावकऱ्याच्या तोंडी तो हक्काचे विशेषण असतो. विशेष्य बदलले की विशेषणाचा अर्थ बदलतो, हा व्याकरणातील प्राथमिक नियम या वादात सहसा कोणी लक्षात घेत नाही. भाईंदरच्या पश्चिमेकडील गावांच्या संदर्भात या शब्दाची छाननी केल्यास घराच्या रचनेविषयीच्या काही प्रश्नांचा उलगडा होऊ शकतो.

२

भाईंदर स्थानकापासून पश्चिमेकडे जाणारा रस्ता उंच इमारतींची दाटी मागे टाकून मुर्धा, राई आणि मोर्वा या गावांतून पुढे डोंगरी, तारोडी, उत्तन, पाली व चौक यांकडे जातो. उत्तरेस वसईची खाडी, दक्षिणेस मनोरीची खाडी आणि पश्चिमेस अरबी समुद्र यांनी वेढलेल्या या भूभागाचे जुने नाव धारावी बेट असे आहे. मुंबई शहरातील धारावीशी त्याचा घोटाळा होऊ नये. तारोडी येथील धारावी देवीच्या मंदिराने ते नाव आजही जिवंत ठेवले आहे. १५३४ च्या तहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ च्या मोहिमेत धारावीचे ठाणे मराठ्यांनी वसईच्या आधी घेतले, एवढा या बेटाचा इतिहास सामान्यतः ठाऊक असतो. त्या इतिहासाची जिवंत बाजू म्हणजे येथील वस्ती. भातशेती व मिठागरे यांवर जगलेले आगरी, डोल जाळ्यांची मासेमारी करणारे हिंदू व ख्रिस्ती कोळी, आणि पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झालेले परंतु मराठीचीच एक बोली बोलणारे शेतकरी यांची घरे येथे शेजारी शेजारी आहेत.

१९८५ मध्ये मीरा-भाईंदर नगरपरिषद आणि २००२ मध्ये महानगरपालिका झाली. त्यामुळे ही गावे कागदोपत्री नगराचा भाग आहेत. भूमीच्या दृष्टीने मात्र त्यांच्या भोवती अद्याप खाजणे, खारफुटी, मिठागरे आणि झाडीने आच्छादलेल्या टेकड्या आहेत. या भूमीला लाभलेले मुख्य संरक्षण म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची अधिसूचना. ती प्रथम १९९१ मध्ये पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली निघाली. २०११ मध्ये तिच्या जागी दुसरी आणि २०१९ मध्ये तिसरी आली. खारफुटीसारख्या नाजूक भागांना सर्वांत कडक संरक्षण, नागरी वस्तीच्या भागांना वेगळे नियम आणि ग्रामीण किनाऱ्याला आणखी वेगळे, अशी तिची सर्वसाधारण मांडणी आहे.

१९९१ च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंतचा पट्टा विकासवर्जित ठरवला. पुढील २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात राहती घरे बांधण्यास वा पुन्हा बांधण्यास मुभा दिली, परंतु ती पारंपरिक हक्क आणि रूढ वापर यांच्या मर्यादेत. उदाहरणादाखल मच्छीमार गावे आणि गावठाणे यांचा उल्लेख केला. घरांची एकूण संख्या असलेल्या घरांच्या दुपटीहून अधिक नसावी, सर्व मजल्यांचे मिळून आच्छादित क्षेत्र भूखंडाच्या ३३ टक्क्यांहून अधिक नसावे, उंची ९ मीटरहून अधिक नसावी आणि तळमजल्यावर एकच मजला असावा, अशा अटी घातल्या. २०११ च्या अधिसूचनेनेही ९ मीटर व दोन मजले ही मर्यादा कायम ठेवली, आणि किनाऱ्यावरील पारंपरिक समाजांच्या घरांना १०० ते २०० मीटरच्या पट्ट्यात वाव दिला. २०१९ मध्ये दर चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक लोकवस्ती असलेल्या ग्रामीण किनाऱ्यासाठी वर्जित पट्टा ५० मीटरपर्यंत खाली आणला गेला.

या मजकुराचा भाषिक अंगाने विचार केल्यास दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, इंग्रजीत लिहिलेल्या या कायद्याला ‘गावठाण’ या शब्दाला प्रतिशब्द सापडला नाही. तो मराठी शब्दच त्याने उचलला. ग्राम आणि स्थान या दोन शब्दांपासून झालेल्या या शब्दात नुसती जागा सूचित होत नाही, तर महसुली हद्द, वहिवाट आणि वस्ती यांचा एकत्रित अर्थ त्यात आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कायद्यात ‘पारंपरिक’ हे विशेषण हक्काला आणि समाजाला लागले आहे, घराच्या रूपाला लागलेले नाही. घराविषयी कायदा बोलतो तो केवळ मीटर, मजले आणि टक्के यांच्या भाषेत. कौलारू छप्पर असावे, पडवी असावी, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

इंग्लंडमधील तरतुदीशी तुलना केल्यास हा भेद ठळक होतो. तेथे १९९७ च्या नियोजनविषयक मार्गदर्शनाने मोकळ्या ग्रामीण प्रदेशात एकाकी नवे घर बांधण्यास अपवाद म्हणून मुभा दिली, ती घराचा वास्तुगुण असाधारण असेल तर. फेरफार होत होत ती तरतूद पुढील धोरणातही टिकली. म्हणजे तेथे संरक्षित भूमीचे दार उघडते ते घराच्या गुणवत्तेने. येथे ते उघडते राहणाऱ्याच्या नात्याने. तेथील धोक्याची दिशा उघड आहे: ज्यास उत्तम वास्तुकार परवडतो त्यालाच भूमी मिळते. येथील धोका वेगळा आहे. हक्क पारंपरिक ठरतो, परंतु त्या हक्काने बांधलेले घर कसे असावे याविषयी कायदा मुका राहतो, आणि त्याची मापे मात्र घराच्या रचनेवर नकळत परिणाम करतात.

३

पारंपरिक घर म्हणजे काय, या प्रश्नाला सामान्यतः दिले जाणारे उत्तर वस्तूंची यादी असते: उतरते कौलारू छप्पर, लाकडी खांब, जांभ्याच्या भिंती, पडवी, झोपाळा, तुळशीवृंदावन किंवा अंगणातील क्रूस. भाषेच्या परिभाषेत ही शब्दसंपत्ती होय. परंतु शब्दसंपत्तीवरून भाषेची ओळख पटवू गेल्यास फसगत होते, हे भाषाभ्यासकाला नव्याने सांगावयास नको. ‘चावी’ हा शब्द पोर्तुगीज आहे, ‘दरवाजा’ व ‘दिवाणखाना’ फारसी आहेत, ‘कुलूप’ अरबीतून आलेला आहे. ‘बंगला’ हा शब्द बंगालच्या नावावरून निघून इंग्रजीत गेला आणि तेथील अर्थ घेऊन परत आला. ‘व्हरांडा’ कोणी कोणाकडून घेतला याविषयी तर अभ्यासकांत एकमत नाही. ‘बंगल्याच्या दिवाणखान्याच्या दरवाजाच्या कुलपाची चावी’ या शब्दमालिकेतील सर्व नामे बाहेरून आलेली आहेत, तरी ती मराठीच आहे. कारण नामे एकमेकांशी ज्या प्रत्ययांनी बांधली आहेत ते प्रत्यय मराठी आहेत.

घराच्या साहित्यालाही हेच लागू पडते. आज ज्या मंगलोरी कौलावाचून पारंपरिक घराचे चित्र पुरे होत नाही, ते कौल कारखान्याचे अपत्य आहे. बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट यांनी मंगळूर येथे १८६५ मध्ये पहिला कारखाना काढला, आणि तेथून समुद्रमार्गे व पुढे इतर कारखान्यांतून ही कौले सर्व पश्चिम किनाऱ्यावर पसरली. त्यापूर्वी चाकावर घडवलेली नळीची कौले होती आणि गरिबाच्या घरावर गवताचे किंवा झापांचे छप्पर होते. मंगलोरी कौल त्या काळचे नवे साहित्य होते. ते परंपरेत सामावले, कारण त्याने छपराचा उतार, पाख्यांची मांडणी आणि पागोळ्यांची जागा बदलली नाही. दीड शतकापूर्वीच्या कारखानी मालाला आपण पारंपरिक म्हणतो आणि आजच्या सिमेंटला परके म्हणतो, यात काळाच्या अंतराखेरीज तत्त्व कोणते आहे, याचे उत्तर रूपवाद्यांना देता येत नाही.

४

सोस्यूरच्या व्याख्यानांचा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून भाषा म्हणजे सुट्या चिन्हांची रास नसून चिन्हांच्या परस्परसंबंधांची व्यवस्था होय, हा विचार सर्वमान्य झाला आहे. घराकडे याच दृष्टीने पाहिल्यास त्याचे व्याकरण दिसू लागते. उत्तर कोकणातील जुन्या घरात खळे, पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागील पडवी आणि परसू असा क्रम सामान्यतः आढळतो. लहान घरात यांतील काही पदे गळतात, मोठ्या घरात काही द्विरुक्त होतात. परंतु क्रम सहसा उलटत नाही. ‘माजघर’ या शब्दातील ‘माज’ म्हणजे ‘मध्य’. हे नाव खोलीच्या वस्तूंवरून पडलेले नाही, तिच्या स्थानावरून पडले आहे. दिवाणखाना कोठेही असू शकतो. माजघर मात्र पुढे काही आणि मागे काही असल्यावाचून माजघर होत नाही.

या क्रमाचा अर्थ काय, हे मराठी म्हणी व वाक्प्रचार स्पष्टपणे सांगतात. ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ या म्हणीत परक्याला किती आत येऊ द्यावे याचा नियम गृहीत आहे. ओसरी देता येते, माजघर देता येत नाही. ‘उंबरे झिजवणे’ यात याचकाची मर्यादा आहे. ‘आढ्याचे पाणी वळचणीला’ यात छपराची संपूर्ण रचना तीन शब्दांत सामावली आहे. आढे, पाखा, वळचण आणि पागोळी हे शब्द ज्यास ठाऊक आहेत, त्यास पाऊस घरावर पडल्यापासून जमिनीला मिळेपर्यंतचा मार्ग ठाऊक असतो. वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत व नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरपा येणारा, अशा प्रदेशात हे ज्ञान अलंकारिक नाही. भिंत कोरडी ठेवणे हे पडवीचे पहिले काम आहे. पाहुण्याला बसावयास जागा देणे हे दुसरे.

धारावी बेटावर या व्याकरणाला उद्योगाचे तिसरे अंग आहे. कोळ्याच्या घरापुढील मोकळी जागा म्हणजे शोभेचे अंगण नव्हे. तेथे जाळी विणली व दुरुस्त केली जातात, आणि बांबूच्या वलांड्यांवर बोंबील सुकतात, त्या जागाही घराच्याच विस्तार होत. आगऱ्याच्या घरापुढील खळ्यात भात झोडले जाई. पावसाळ्यात हीच कामे आकसून पडवीत येतात. म्हणजे पडवी ही आत व बाहेर यांच्यामधील जागा आहे एवढेच म्हणणे अपुरे आहे; ती वर्षातील आठ महिने आणि चार महिने यांच्यामधीलही जागा आहे. ऋतुमानाप्रमाणे घर आकसते व पसरते. क्रियापदाला जसा काळ असतो तसा या घरालाही तो आहे.

५

नव्याने रचलेल्या घरांत परंपरेचा अंश किती, हे या कसोटीवर पाहता येईल. धारावी बेटावर वास्तुकाराच्या नावाने ओळखले जाणारे आणि समीक्षेला पुरेसे प्रसिद्ध असलेले घर नसल्याने तुलनेसाठी याच किनाऱ्यावरील दोन कामे घेणे सोयीचे आहे. दोन्हींचा गौरव झाला आहे आणि दोन्ही गौरवास पात्र आहेत.

पहिले म्हणजे रायगड जिल्ह्यातील नांदगाव येथे समुद्राकाठच्या नारळीच्या बागेत बिजॉय जैन यांच्या ‘स्टुडिओ मुंबई’ने २००७ मध्ये पुरे केलेले ‘पामायरा हाउस’. आगाखान वास्तुकला पुरस्काराच्या २०१० च्या फेरीत ते अंतिम निवडीच्या यादीत होते. दोन लांबट दुमजली लाकडी खंड, त्यांना ताडाच्या खोडापासून काढलेल्या पट्ट्यांच्या झडपांचे आवरण, आणि विहिरींचे पाणी उंचावर चढवून तेथून उतारानेच घरात आणण्याची योजना, अशी त्याची ठळक अंगे आहेत. छप्पर, खांब किंवा नक्षी यांची नक्कल त्यात मुळीच नाही. कारागिराच्या हाताला घराच्या रचनेत खरा वाटा मिळाला आहे, आणि वारा व ऊन यांची भाषा त्या झडपांना चांगली अवगत आहे. रूपाची उसनवारी करणाऱ्या शेकडो बंगल्यांपेक्षा हे घर परंपरेच्या कितीतरी जवळ आहे.

परंतु या घराच्या वाक्यात कर्ता निराळा आहे. ते शहरातील कुटुंबाचे विसाव्याचे घर आहे. दोन खंडांमधील मोकळ्या जागेत पोहण्याचा तलाव आहे. जुन्या घरात त्या जागेला खळ्याचे काम असते. परका कोठपर्यंत येतो, भात कोठे झोडले जाते, दुसऱ्या भावाचा संसार कोठे थाटला जातो, हे प्रश्न त्या घराला पडलेच नाहीत, म्हणून त्यांची उत्तरेही त्याच्या रचनेत नाहीत. यात वास्तुकाराची उणीव नाही. विसाव्यासाठी गावी येणाऱ्याचे घर आणि गावात राहणाऱ्याचे घर हे दोन भिन्न लेखनप्रकार आहेत, आणि एकावरून दुसऱ्याचा आदर्श ठरवणे हा समीक्षेचा दोष होईल. तो दोष आज सर्रास घडतो. ‘पारंपरिक’ घराचे नमुने म्हणून छापली जाणारी घरे बहुतांशी विसाव्याचीच असतात.

दुसरे उदाहरण नवी मुंबईतील बेलापूरचे. चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात तेथे उभारलेली वसाहत संरक्षित ग्रामभूमीवर नाही, आणि तिच्यातील घरे अगदी लहान, म्हणजे ४५ ते ७५ चौरस मीटरच्या भूखंडांवर आहेत. तरी व्याकरणाच्या दृष्टीने ती प्रस्तुत विषयाला अधिक जवळची आहे. सात घरे ८ मीटर बाजूच्या एका चौकाभोवती, अशा तीन समूहांची एकवीस घरे सुमारे १२ मीटर बाजूच्या मोठ्या चौकाभोवती, अशी वाढत जाणारी मांडणी तेथे आहे. सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही. त्यामुळे शेजाऱ्याला न दुखवता प्रत्येक कुटुंबाला आपले घर वाढवता आले. पुढील काळात रहिवाशांनी ती इतकी बदलली की मूळची रूपे बहुतेक ठिकाणी ओळखू येत नाहीत. याला कोणी अपयश म्हणतात. भाषेच्या अभ्यासकाला तसे वाटण्याचे कारण नाही. वापरणाऱ्यांनी नवी वाक्ये रचावी, यासाठीच व्याकरण असते. ज्या भाषेत पूर्वी लिहिलेली वाक्येच तेवढी म्हणता येतात ती मृत भाषा होय. मात्र बेलापूरलाही एक मर्यादा आहे: वाढीला वाव ठेवला, पण वाढीला दिशा देणारी पदे, म्हणजे वळचण, पडवी, पाखा, ही वाढलेल्या घरांत टिकावीत अशी तरतूद नियमांत नव्हती.

६

आता धारावी बेटावरील एका कुटुंबाचे नवे घर कल्पून पाहावे. वडिलोपार्जित घर जीर्ण झाले आहे, दोन भाऊ आहेत, त्यांची मुले वाढत आहेत, आणि ९ मीटर व दोन मजले ही मर्यादा लागू आहे. उंची आढ्यापर्यंत मोजली जाते असे धरू. जोते ६० सेंटिमीटर व प्रत्येक मजला २.९ मीटर धरल्यास ६.४ मीटर खर्ची पडतात आणि छपरासाठी २.६ मीटर उरतात. कौलांना ३० अंशांचा उतार दिल्यास एवढ्या उंचीत दोन्ही पाख्यांखाली मिळून सुमारे ९ मीटर खोलीचे घर बसते. दोन संसारांना त्याहून अधिक खोली हवी असेल, तर एकाच मोठ्या छपराखाली सर्व घर घालू पाहणारा आराखडा मर्यादेत बसत नाही. मग उतार कमी केला जातो, आणि पावसात कौले गळतात. किंवा छप्परच सोडून सपाट स्लॅब घातला जातो, आणि उरलेल्या उंचीचा मोह तिसऱ्या मजल्याकडे नेतो.

जुन्या घराने या अडचणीचे उत्तर पूर्वीच दिलेले आहे. त्याचे छप्पर एकसंध नसते. मधल्या उंच भागाला दोन पाखे, आणि पुढील व मागील पडवीला त्याखाली निराळा, ठेंगणा पाखा, अशी त्याची उतरंड असते. माजघरावर मजला चढवून पडव्या एकमजली ठेवल्या, तर ९ मीटर खोलीच्या मध्यभागाला पुढे-मागे दोन-दोन मीटरची जोड मिळून १३ मीटर खोलीचे घर त्याच मर्यादेत उभे राहते, उतार न मोडता. म्हणजे कायद्याने घातलेले बंधन परंपरेच्या रूपाला अडचणीचे आहे, परंतु तिच्या व्याकरणाला नाही. भिंती जांभ्याच्या असोत की सिमेंटच्या विटांच्या, मजल्याचा स्लॅब लाकडी तक्तपोशीच्या जागी आला तरी, क्रम आणि उतरंड राखली की ते घर त्या भाषेतील नवे वाक्य ठरते.

येथेच कायद्याच्या मोजमापातील दोषाकडे वळावे लागते. १९९१ च्या अटींत आच्छादित क्षेत्राची मर्यादा होती. ३०० चौरस मीटरच्या भूखंडावर तिने सर्व मजल्यांचे मिळून ९९ चौरस मीटर दिले असते. आच्छादित आणि मोकळे, असे दोनच शब्द ज्या मोजमापाला ठाऊक आहेत, त्याच्या लेखी पडवी व शयनगृह सारखीच. जेथे प्रत्येक आच्छादित मीटरची किंमत सारखी, तेथे कुटुंब पडवी कशासाठी ठेवील? ते तिला भिंती घालून खोली करील, आणि तसे केल्याबद्दल त्यास दोष देता येणार नाही. अधिसूचनेचे शब्द पुढे बदलले, परंतु बांधकामाचे क्षेत्र मोजण्याची ही द्विशब्दी सवय नियोजनात रुजलेली आहे. परंपरेच्या हक्काने घर बांधू देणारी पद्धत अशा रीतीने परंपरेतील सर्वांत उपयुक्त पद गाळून टाकावयास लावते. भिंत नसलेली, एका बाजूने संपूर्ण उघडी आणि ठेंगण्या पाख्याखालची पडवी मोजणीतून वगळावी, एवढी एक सुधारणा शंभर शैलीविषयक मार्गदर्शिकांहून अधिक परंपरा राखील.

दुसरा दोष संख्येच्या अटीत होता. घरांची संख्या दुपटीवर थांबवताना कायद्याने ‘घर’ हे एकक स्थिर मानले. कोकणातील घर तसे स्थिर नसते. भाऊ वेगळे निघाले की एका ओटीच्या दोन ओट्या होतात, चुली दोन होतात, खळे मात्र सामाईक राहते. हे एक घर की दोन? चुलीवरून मोजल्यास दोन, खळ्यावरून मोजल्यास एक. गावाला दोन्ही मोजण्या ठाऊक असतात आणि प्रसंगानुसार तो त्या वापरतो. कागदाला एकच ठाऊक असते. एका पिढीनंतर धाकट्या भावाच्या मुलाला घर मंजूर होत नाही, आणि तो रस्त्याच्या त्या टोकाच्या इमारतीत सदनिका घेतो. त्याची मुले वळचण व पागोळी हे शब्द पुस्तकात वाचतील तर वाचतील. शब्दांचा हा लोप म्हणजे निव्वळ भाषिक हानी नव्हे. पावसाचे पाणी कोठून कोठे जाते याचे ज्ञान त्याबरोबर जाते, आणि संरक्षित भूमीला मुळात ज्या ज्ञानाची गरज आहे ते हेच.

बाहेरून आलेल्या योजनांची भाषा या बेटावर आणखी निराळी होती. गोराई, मनोरी व उत्तन या पट्ट्यासाठी शासनाने मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणास विशेष नियोजन प्राधिकरण नेमले, आणि तेथे करमणूक व पर्यटन यांचा विभाग कल्पिला; गावकऱ्यांनी त्याला विरोध केला. पर्यटनाच्या आराखड्यात गावाचे रूप टिकवण्याची इच्छा असू शकते, नव्हे बहुधा असतेच. कारण रूप हे तेथील विक्रेय द्रव्य आहे. परंतु गाव हा त्या वाक्याचा कर्ता नसतो, कर्म असते.

७

या विवेचनावरून जुन्या घराचे व्याकरण जसेच्या तसे राखावे, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. त्या व्याकरणात मोडून टाकण्याजोगे नियमही होते. कोण ओटीपर्यंत आणि कोण केवळ खळ्यापर्यंत, हे जातीवरून ठरत असे. धुराने कोंदलेल्या स्वयंपाकघरात स्त्रीचे आयुष्य सरत असे, आणि पुढील दारी तिचा वावर मोजका असे. ‘बाहेरची होणे’ या वाक्प्रचाराने तर महिन्यातील काही दिवस तिला घराच्या क्रमातूनच बाहेर ठेवले होते. हे नियम घराच्या मांडणीत कोरलेले होते, आणि ‘परंपरा’ या शब्दाच्या आडोशाने ते पुन्हा आत येऊ देता कामा नयेत. स्वयंपाकघर पडवीच्या प्रकाशाला व वाऱ्याला आणणे, संडास परसातून घरात घेणे, माजघराला खिडकी देणे, हे बदल परंपराभंग नव्हेत. भाषा अपशब्द टाकते तेव्हा ती भाषा राहत नाही असे कोणी म्हणत नाही.

तात्पर्य असे की, संरक्षित भूमीवरील नव्या घराच्या संदर्भात ‘पारंपरिक’ हे विशेषण तीन विशेष्यांपैकी कोणाला लावायचे, हा केवळ शब्दाचा प्रश्न नाही. ते केवळ रूपाला लावल्यास धनिकाचे विसाव्याचे घर पारंपरिक ठरते, आणि कोळ्याचे स्लॅबचे घर अपारंपरिक. केवळ हक्काला लावल्यास हक्क टिकतो, परंतु त्या हक्काने बांधलेल्या घरातून पडवी जाते, वळचण जाते आणि शेवटी हक्कालाही आधार उरत नाही. कारण रूढ वापराचा पुरावा तो वापर ज्या जागी चालतो त्या जागेतच असतो. ते घरातील पदांच्या संबंधांना लावावे: खळे आणि पडवी, आढे आणि वळचण, चूल आणि भाऊबंद, पाऊस आणि भिंत. या संबंधांना मापे आहेत, ती आराखड्यावर काढता येतात आणि नियमात लिहिताही येतात.

राई, मुर्धा, मोर्वा, डोंगरी आणि उत्तन येथील घरे कोणत्याही वास्तुकाराच्या नावावर नाहीत. त्यांचे मोजमाप, त्यांच्या भागांची स्थानिक नावे आणि त्या नावांचे बोलीपरत्वे होणारे भेद यांची पद्धतशीर नोंद, वास्तुशास्त्र व भाषाशास्त्र या दोन्ही विभागांनी एकत्र येऊन करणे अगत्याचे आहे. घरे वेगाने पाडली जात आहेत. नोंद झाली तर पुढील घर रचणाऱ्याच्या हाती कौलांच्या छायाचित्राखेरीज काही तरी असेल.